सोलापूर शहरातील बेरोजगारीचे बदलते स्वरूप : व्याख्या, मोजमाप आणि वास्तव

प्रस्तावना

९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे भारतीय राज्यघटना अंमलात येण्यापूर्वी अवघे सतरा दिवस, केंद्र सरकारने एक वटहुकूम काढला. हा वटहुकूम संपूर्ण देशासाठी नव्हता, एखाद्या उद्योगासाठीही नव्हता. तो एकाच कंपनीपुरता होता. ती कंपनी म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, सोलापूरकरांच्या भाषेत ‘जुनी गिरणी’. २७ ऑगस्ट १९४९ रोजी ही गिरणी बंद पडली होती. कंपनीचा कारभार सरकारी नियंत्रणाखाली घेण्याची जी कारणे वटहुकुमाच्या उद्देशिकेत देण्यात आली, त्यात अव्यवस्थापन आणि आवश्यक वस्तूच्या उत्पादनात झालेली घट यांबरोबरच समाजाच्या एका घटकात निर्माण झालेल्या गंभीर बेरोजगारीचा स्पष्ट उल्लेख होता. त्याच वर्षी वटहुकुमाची जागा कायद्याने घेतली. एकाच कंपनीसाठी असा स्वतंत्र कायदा करता येतो काय, हा प्रश्न चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात नेला आणि डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. डिसेंबर १९५३ मध्ये मात्र द्वारकादास श्रीनिवास खटल्यात, भरपाई न देता मालमत्ता हिरावून घेतल्याच्या मुद्द्यावर, हा कायदा टिकला नाही. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीची जी पार्श्वभूमी सांगितली जाते तीत हा निकालही येतो. घटनात्मक कायद्याच्या अध्यापकांना हे खटले परिचित आहेत. त्यांच्या मुळाशी सोलापुरातील कामगारांची बेकारी होती, ही गोष्ट मात्र अर्थशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगितली जाते.

एका शहरातील बेरोजगारी त्या काळी कायद्याच्या उद्देशिकेपर्यंत पोहोचली होती. आज पाऊणशे वर्षांनंतर ‘सोलापूर शहरात बेरोजगारीचा दर किती?’ असा साधा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तर अध्यापकाला अधिकृत उत्तर देता येत नाही. बेरोजगारी नाहीशी झाली म्हणून असे झाले आहे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर नकारार्थी आहे. बेरोजगारीने आपले रूप बदलले, आणि तिचे मोजमाप करणाऱ्या यंत्रणेला हे शहर एक स्वतंत्र एकक म्हणून दिसेनासे झाले. या दोन्ही गोष्टी कशा घडल्या याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नावाने महानगर

सोलापूर नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले ते १९६४ साली. मराठीत प्रत्येक ‘म्युनिसिपल कॉर्पोरेशन’ला आपण महानगरपालिका म्हणतो, त्यामुळे शहराच्या नावामागे ‘महानगर’ हा शब्द आपोआप येऊन बसतो. राज्यघटनेच्या २४३ पी या अनुच्छेदातील व्याख्या मात्र वेगळी आहे. तीनुसार महानगर क्षेत्र होण्यासाठी दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्या असावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. म्हणजे हे शहर ४८,४४२ माणसांनी महानगर व्हायचे राहिले.

हा केवळ नावाचा प्रश्न असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगार-बेरोजगारीविषयक फेऱ्यांत नमुना निवडताना दहा लाखांवरील प्रत्येक शहराचा स्वतंत्र स्तर केला जात असे आणि जिल्ह्यातील उर्वरित सर्व नागरी भागांचा मिळून एक स्तर होत असे. सोलापूर हे शहर या दुसऱ्या गटात, बार्शी, पंढरपूर आणि जिल्ह्यातील अन्य गावांबरोबर मिसळले गेले. पंधराव्या वित्त आयोगानेही दशलक्षी शहरांसाठी अनुदानाची निराळी व्यवस्था केली. तीतही हे शहर बाहेरच राहिले.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. शहराच्या हद्दीबाहेर कुंभारी येथे स्त्री विडी कामगारांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्ते त्या घरांचे वितरण झाले. घरटी पाच माणसे धरली तर ही संख्या पन्नास हजार होते, म्हणजे २०११ ला जेवढी माणसे कमी पडली त्याहून थोडी अधिकच. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. सर्व घरे भरली होती असे गृहीत धरता येत नाही. तरीही ज्या स्त्रियांच्या अपुऱ्या कामाचा विचार या लेखात करावयाचा आहे, त्यांच्या घरांमुळेच कदाचित हे शहर सांख्यिकीय महानगर होता होता राहिले असावे, ही शक्यता विचार करण्याजोगी आहे.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२० च्या दशकात सोलापुरातील गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी करून १९२८ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला होता. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेने या शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास हाती घेतला आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहरावरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रकाशित झाला. लोकसंख्या आजच्या मानाने कितीतरी कमी असताना या शहराचा स्वतंत्रपणे अभ्यास झाला. आता लोकसंख्या वाढली असूनही तसा अभ्यास होत नाही.

‘बेरोजगार’ कोणास म्हणावे?

१९७० मध्ये प्रा. दांतवाला समितीने बेरोजगारीच्या अंदाजांविषयी जो अहवाल दिला, त्यात भारतासारख्या देशात श्रमशक्ती एकजिनसी नसल्यामुळे एकाच आकड्यात बेरोजगारी सांगणे योग्य नाही, अशी भूमिका घेण्यात आली. त्यातून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तीन मोजपट्ट्या तयार झाल्या. नेहमीच्या स्थितीत मागील ३६५ दिवसांतील अधिक काळ व्यक्तीने काय केले हे पाहिले जाते, आणि वर्षातून तीस दिवसांचे दुय्यम कामही रोजगार म्हणून धरले जाते. चालू साप्ताहिक स्थितीत मागील सात दिवसांपैकी कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केले असल्यास ती व्यक्ती रोजगारात मानली जाते. चालू दैनिक स्थितीत मात्र प्रत्येक दिवसाचा, अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने, स्वतंत्र विचार होतो.

अपुरे काम सर्वांत स्पष्टपणे दाखवणारी पट्टी यांपैकी तिसरी. एप्रिल २०१७ पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या चर्चेत मात्र पहिल्या दोन पट्ट्यांचेच आकडे पुढे येतात. वृत्तपत्रांतून झळकणारा दर यांपैकी एक असतो. नेहमीच्या स्थितीनुसार देशाचा बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाला. नागरी भागात तो याच काळात ७.८ वरून ५.१ टक्क्यांवर आला. ही घट खोटी आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु याच कालावधीत स्वयंरोजगारितांचे प्रमाण ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेले, हे त्यासोबत वाचले पाहिजे.

प्रा. राजकृष्ण यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी बेरोजगारी ठरविण्याचे चार निकष मांडले : काल, उत्पन्न, इच्छुकता आणि उत्पादकता. पुरेसा वेळ काम नसणे, कामातून पुरेसे उत्पन्न नसणे, अधिक काम करण्याची तयारी असणे आणि कामगाराला काढून घेतले तरी उत्पादन न घटणे, अशा चार अर्थांनी माणूस बेकार असू शकतो. सोलापूरसारख्या शहरात काल या एका निकषाने थोडे लोक बेकार दिसतील, उर्वरित तीन निकषांनी त्यांची संख्या कितीतरी मोठी होईल. ज्याच्या घरी साठवलेला पैसा नाही त्याला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते करतो. म्हणूनच देशपातळीवर १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारीचा दर २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के, म्हणजे एकंदर दराच्या तिपटीहून अधिक होता. नोकरीची वाट पाहू शकणारा वर्ग प्रामुख्याने तरुण व शिकलेला आहे.

या ठिकाणी आपल्या व्यवसायातील उदाहरण अधिक बोलके ठरेल. तासिका तत्त्वावर काम करणारा, नेट-सेट उत्तीर्ण किंवा एम.फिल. झालेला अध्यापक (एम.फिल. ही पदवी तर २०२२ च्या नियमांनंतर इतिहासजमा झाली आहे) आठवड्यातून एक तास वर्गावर गेला तरी साप्ताहिक स्थितीनुसार तो पूर्णपणे रोजगारात असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला मानधन नसते, तरी नेहमीच्या स्थितीनुसार तो रोजगारातच असतो. या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांनी ती वर्षे काढलेली आहेत. त्या वर्षांत आपण बेकार नव्हतो, असे आपल्यापैकी किती जण म्हणतील?

गिरणीच्या दारापासून यंत्रमागापर्यंत

गिरण्यांच्या काळात सोलापुरात बेरोजगारी दृश्य स्वरूपात होती. प्रत्येक गिरणीत कायम कामगारांखेरीज बदली कामगार असत. पाळीच्या वेळी ते दारावर येऊन उभे राहत. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळे, अन्यथा घरी परत जावे लागे. किती जण आत गेले आणि किती परतले हे डोळ्यांनी दिसत होते. गिरणीच्या हजेरीपटावर ते नोंदलेही जात होते. १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडल्यावर बेकार झालेल्यांची गणना करणे त्यामुळेच शक्य होते. रस्त्यावर आलेल्या माणसाला एक नाव, एक खाते आणि एक मागणी होती.

विसावे शतक संपता संपता लक्ष्मी-विष्णू गिरणीचे भोंगे थांबले. नरसिंगगिरजी गिरणीही त्याच वाटेने गेली. गिरण्यांतून बाहेर पडलेल्या कामगारांपैकी काहींनी यंत्रमागाचा आश्रय घेतला. तेलंगणातून पिढ्यान्पिढ्या येथे येऊन स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, शहराच्या पूर्व भागात, हातमागाची जागा यंत्रमागाने आधीच घेतली होती. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या मानांकनामुळे मागावरील कामगाराच्या कामाच्या दिवसांत वाढ होईलच असे नाही.

यंत्रमागावरील काम बहुधा उत्पादनाच्या नगावर मोजले जाते. सुताचा भाव चढला, मागणी मंदावली, वीज गेली, की माग थांबतो. कामगाराला कोणी कामावरून काढलेले नसते, त्याने नोकरी सोडलेली नसते, फक्त त्या दिवशी कापड निघालेले नसते. गिरणीत ‘कामबंदी’ ही एक कायदेशीर घटना होती आणि तिची नोटीस लागे. येथे ती घटना न राहता रोजची सवय होते. बदली कामगाराची अनिश्चितता नाहीशी झाली नाही, ती गिरणीच्या दारावरून उठून प्रत्येक मागापाशी विखुरली गेली. सात दिवसांपैकी चार दिवस माग चालला तर सर्वेक्षणाच्या दृष्टीने तो कामगार पूर्ण आठवडा रोजगारात आहे.

गणवेश निर्मितीच्या उद्योगाने अलीकडच्या काळात काही प्रमाणात नवीन काम आणले आहे, आणि एनटीपीसीच्या औष्णिक वीज प्रकल्पासारखी मोठी गुंतवणूकही शहराजवळ झाली. तथापि अशा भांडवलप्रधान प्रकल्पात बांधकामाच्या काळात लागणारे मनुष्यबळ आणि प्रकल्प सुरू झाल्यानंतरचे मनुष्यबळ यांत मोठी तफावत असते, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना सांगावयास नको.

पान, तंबाखू आणि लॉगबुक

प्रवेशाच्या दिवसांत प्रस्तुत लेखक अर्ज तपासण्याच्या कामावर असताना एका विद्यार्थिनीने ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहिले होते. शिष्यवृत्तीसाठी जोडलेल्या कागदांत मात्र आईचे विडी कामगार ओळखपत्र होते. विचारले असता ती म्हणाली, “सर, ती घरीच असते. विड्या करते, पण ते काय काम थोडंच आहे?” अर्जातील तो रकाना दुरुस्त करण्यात आला. परंतु सर्वेक्षणाचा अन्वेषक दारात येऊन असाच प्रश्न विचारील, आणि उत्तर त्या मुलीने किंवा तिच्या वडिलांनी दिले, तर काय नोंदले जाईल, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घर करून आहे.

सोलापुरात विडी वळणाऱ्या स्त्रियांची संख्या हजारोंच्या घरात आहे. शहरातील एका वस्तीचे नावच ‘विडी घरकुल’ असे आहे. कामाची रीत सर्वांना माहीत आहे असे आपण समजतो, पण तिचा आर्थिक अर्थ नीट पाहिला पाहिजे. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून दिला जातो. पाने भिजवणे, साच्याच्या मापाने कापणे, तंबाखू भरून वळणे, तोंड मुडपणे, दोऱ्याने बांधणे आणि बंडल करणे हे सर्व घरी होते. मजुरी हजार विड्यांवर ठरते. तयार माल दिल्यानंतर तपासणीत काही विड्या ‘छाट’ म्हणून बाद होतात. त्यांची मजुरी मिळत नाही. पाने खराब निघाली तर तूट भरून काढण्यासाठी पदरचे पैसे खर्च करावे लागतात. दिलेल्या मालाची आणि घेतलेल्या विड्यांची नोंद लॉगबुकात होते, व ते पुस्तक हाच त्या स्त्रीच्या नोकरीचा पुरावा असतो.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्या स्त्रीचा समावेश ‘कर्मचारी’ या व्याख्येत केला होता. कारखानदारांनी या कायद्याला आव्हान दिले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. १९६६ चा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. या साऱ्या प्रवासात कायद्याने तिला दुसऱ्यासाठी राबणारी कामगार मानले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या वर्गीकरणात मात्र, माल घरी नेऊन काम करून देणाऱ्या व्यक्तींची गणना स्वयंरोजगारितांत होते, कारण कामाची वेळ आणि जागा ती स्वतः ठरवते असे मानले जाते. एकच स्त्री कायद्याच्या पुस्तकात नोकर आणि सांख्यिकीच्या कोष्टकात मालक असते. स्वयंरोजगाराचे प्रमाण ५८ टक्क्यांवर गेल्याचे वाचून जे समाधान व्यक्त होते, त्यात अशा किती जणी दडल्या आहेत याचा विचार व्हावयास हवा.

विडी उद्योगाला उतरती कळा लागल्याची कारणे अनेक आहेत. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, २०१६ पासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर छापावा लागणारा इशारा, २०१७ मध्ये विडीवर आलेला २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि ग्राहकाची बदललेली आवड ही त्यांपैकी काही होत. तंबाखूचे दुष्परिणाम लक्षात घेता या उद्योगाने वाढावे असे कोणीही म्हणणार नाही. विडी वळणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या फुप्फुसांचाही प्रश्न त्यात आहेच. परंतु उद्योग आकसतो तेव्हा तो कसा आकसतो हे पाहण्यासारखे आहे. कारखान्याला टाळे लागत नाही. आठवड्यात सहा दिवस मिळणारे पान चार दिवस मिळू लागते, पुढे तीन दिवस. हजार विड्यांचे पान मिळत होते तेथे सातशेचे मिळते. स्त्री ‘बेरोजगार’ कधीच होत नाही. ती थोडी थोडी बेरोजगार होत जाते. साप्ताहिक स्थितीच्या एका तासाच्या कसोटीवर ही घसरण टिपली जाणे जवळजवळ अशक्य आहे.

देशात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ कितपत खरी आणि कितपत नोंदणीतील सुधारणेमुळे, याविषयी अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. त्या विद्यार्थिनीच्या अर्जातील दुरुस्तीसारखी दुरुस्ती अन्वेषकांनी मोठ्या प्रमाणावर केली असेल, तर ती स्वागतार्हच आहे, पण त्यामुळे कोणाला नवे काम मिळाले असे होत नाही.

पहाटेची गाडी

बेरोजगारीचा दर हा एक भागाकार आहे. छेदस्थानी संपूर्ण लोकसंख्या नसून केवळ श्रमशक्ती, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे, असते. समजा एखाद्या वस्तीत श्रमशक्ती १०० असून त्यांतील ८ जण बेकार आहेत. दर ८ टक्के. या आठांपैकी पाच जण पुण्यास निघून गेले तर उरलेल्या ९५ जणांत ३ बेकार राहतात आणि दर ३.२ टक्क्यांवर येतो. वस्तीत एकही नवीन काम निर्माण झालेले नाही, तरी दर निम्म्याहून खाली आला. लहान महानगरांच्या बाबतीत दराचा अर्थ लावताना हे गणित सतत ध्यानात ठेवावे लागते.

२००१ ते २०११ या दशकात सोलापूर शहराची लोकसंख्या सुमारे पावणेनऊ लाखांवरून साडेनऊ लाखांवर गेली. ही वाढ साधारण ९ टक्के. महाराष्ट्राची लोकसंख्या त्याच दशकात १६ टक्क्यांनी वाढली, आणि पिंपरी-चिंचवडची दहा लाखांवरून सव्वासतरा लाखांवर. कुंभारीसारख्या हद्दीबाहेरील वसाहतींची वजावट केली तरी एवढी तफावत केवळ जन्ममृत्यूच्या प्रमाणाने स्पष्ट होत नाही. जेवढी माणसे शहरात आली त्याहून अधिक माणसे शहराबाहेर गेली, असा निष्कर्ष काढणे भाग आहे. पहाटे पुण्याकडे निघणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसचे नाव १९३१ मध्ये फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून ठेवलेले आहे. सणावाराच्या दुसऱ्या दिवशी त्या गाडीला असलेली गर्दी पाहिली म्हणजे श्रमशक्तीच्या छेदाचे काय होते ते समजण्यास कोष्टक लागत नाही.

२००४ मध्ये सोलापुरात स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. एकाच जिल्ह्यासाठी असलेल्या या विद्यापीठामुळे पदवी शिक्षण घराजवळ आले, विशेषतः मुलींसाठी. पण पदवी घेणाऱ्यांची संख्या वाढण्याच्या वेगाने पदवीधराला साजेसे काम शहरात वाढले नाही. आपल्या वर्गातील हुशार मुले तिसऱ्या वर्षानंतर चाकण, हिंजवडी किंवा हडपसर येथे जातात हा आपला सर्वांचा अनुभव आहे. जी मागे राहतात ती स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात. त्यांतील अनेक जण सर्वेक्षणात ‘विद्यार्थी’ म्हणून नोंदले जाण्याची शक्यता असते, आणि तसे झाल्यास ते श्रमशक्तीबाहेर, म्हणजे बेरोजगारीच्याही बाहेर जातात.

या प्रवाहाची दिशा एकदाच उलटी झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यानंतर बाहेरगावी गेलेली माणसे परत आली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत साप्ताहिक स्थितीनुसार देशाच्या नागरी भागातील बेरोजगारीचा दर सुमारे २१ टक्के नोंदला गेला आणि पुढच्याच तिमाहीत तो १३ टक्क्यांच्या आसपास उतरला. ज्यांची बेरोजगारी एरवी पुण्याच्या खात्यावर रोजगार म्हणून जमा होत असे, ते त्या काही महिन्यांत आपल्या मूळ शहरात होते. त्या काळातील सोलापूरचा दर काय होता? त्यासाठी स्वतंत्र अंदाज उपलब्ध नव्हता.

आकड्याविना वाद

आकडा नसण्याचा परिणाम केवळ अभ्यासकांपुरता मर्यादित राहत नाही. १५ जून २०२३ रोजी विमानसेवेच्या मार्गातील अडथळा म्हणून श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली. त्यापूर्वी कित्येक वर्षे शहरात यावर वाद झाला. एका बाजूने साखर कारखान्यावर अवलंबून असलेल्यांच्या पोटाचा मुद्दा मांडला जात होता, दुसऱ्या बाजूने विमानसेवा आली की उद्योग येतील व तरुणांना काम मिळेल असे सांगितले जात होते. दोन्ही पक्ष रोजगाराच्याच नावाने बोलत होते. जून २०२५ मध्ये गोव्याकरिता विमानसेवा सुरूही झाली. तिचा रोजगारावर काय परिणाम झाला हे पाच वर्षांनी तपासावयाचे म्हटले, तर तुलनेसाठी लागणारा आधीचा आकडा कोणत्या कपाटातून काढावयाचा?

सेवायोजन कार्यालयातील नोंदी हा पर्याय पुरेसा नाही. तेथे नाव नोंदवलेला प्रत्येक जण बेकार नसतो आणि प्रत्येक बेकार तेथे नाव नोंदवत नाही. जानेवारी २०२५ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या रचनेत बदल करण्यात आला असून मासिक अंदाज प्रसिद्ध होऊ लागले आहेत व नमुना निवडीत जिल्हा हा मूलभूत स्तर मानला गेला आहे. हे पाऊल योग्य दिशेने आहे. परंतु २०११ मध्ये सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांहून अधिक होती आणि त्यात शहराचा वाटा केवळ २२ टक्के. ऊस, डाळिंब आणि पंढरपूरची वारी यांवर चालणारा जिल्हा आणि माग व विडी यांवर चालणारे शहर यांची सरासरी काढून हाती येणारा आकडा दोहोंपैकी कोणाचेच वर्णन करणार नाही.

अशा स्थितीत महाविद्यालयांकडे जे आहे त्याकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रत्येक महाविद्यालयात प्रवेश अर्जांचे दप्तर असते. त्यात पालकांचा व्यवसाय, पत्ता आणि वार्षिक उत्पन्न असते. शाळा सोडल्याचे आणि स्थलांतराचे दाखले किती व कोठे दिले याची नोंदवही असते. मूल्यांकनाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांची माहितीही गोळा केली जाते आणि समिती येऊन गेल्यावर ती बासनात बांधली जाते. वैयक्तिक तपशील वगळून शहरातील पाच-सहा महाविद्यालयांनी ही माहिती वर्षानुवर्षे एकाच नमुन्यात लिहून ठेवली, तर ती शास्त्रशुद्ध नमुना पाहणी होणार नाही. महाविद्यालयापर्यंत न पोहोचलेली घरे तिच्यात येणार नाहीत, ही मर्यादा मोठी आहे. तथापि विडी कामगाराच्या घरी आठवड्यात किती दिवस पान येते, मागावर किती दिवस काम असते आणि पदवीनंतर मुलगा-मुलगी कोणत्या शहरात आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे देणारी दुसरी कोणतीही मालिका आज या शहरात उपलब्ध नाही. पहिल्या प्रश्नासाठी तर अर्जात केवळ एका रकान्याची भर घालावी लागेल, आणि ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यापुढे ‘घरी बसून केलेले कामही लिहावे’ अशी सूचना छापावी लागेल.

२०२१ ची जनगणना झाली नाही; पुढील जनगणना २०२७ ची म्हणून जाहीर झाली आहे. शहराच्या हद्दीत बदल झाला नाही, तर कुंभारीची दहा हजार घरे आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगर येथे असंघटित कामगारांच्या ताब्यात देण्यात आलेली पंधरा हजार घरे त्या वेळीही सोलापूर शहरात मोजली जाणार नाहीत.